सिस्टरांची कोंबडी

मावशीच्या मागच्या दारात सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई टॉवेलात गुंडाळलेली कोंबडी घेऊन उभी राहिली. या बाईला मावशीने गेल्या एकोणीस वर्षांत मनातल्या मनात इतक्यांदा फैलावर घेतलं होतं, की ती प्रत्यक्ष समोर आल्यावर मावशीला एक शब्द सुचेना. ती खुराडं झाडत होती. झाडू तसाच हातात राहिला.

"मावशी, ओळखलंत का?" बाईंनी विचारलं.

ओळखलंत! वॉर्डात असताना हीच बाई लांबून "मावशेऽ, कुठे उलथलीस?" अशी हाक मारायची. तेव्हा ती पांढऱ्या कडक गणवेशातली मोठी सिस्टर होती आणि मावशी म्हणजे भांडी देणारी, चादरी बदलणारी, सांडलेलं पुसणारी वॉर्डबाई. हॉस्पिटलात अशा सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात. हे नाव नोकरीबरोबर चिकटतं आणि नोकरी सुटली तरी निघत नाही. आता सिस्टरांचे केस पिकले होते, गुडघे धरून चालत होत्या, आणि गरज पडल्यावर तोंडात 'ओळखलंत' आलं होतं.

"ओळखलं," मावशी म्हणाली. "काय झालंय तिला?"

आपण कोंबडीची चौकशी केली, बाईची नव्हे, हे तिने स्वतःला लगेच बजावलं.

मावशीला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. मागच्या अंगणात तिने आधी चार कोंबड्या पाळल्या, त्यांच्या अकरा झाल्या, आणि हळूहळू आजूबाजूच्या गल्ल्यांतून लोक आपापल्या आजारी कोंबड्या तिच्याकडे आणू लागले. आयुष्य माणसांच्या दुखण्यात गेलेल्या बाईला कोंबडीचं दुखणं उमगायला वेळ लागला नाही. ज्याला बोलता येत नाही अशा पेशंटकडे कसं बघायचं ते तिला ठाऊक होतं. आधी हात लावायचा नाही, नुसतं बघत राहायचं.

सिस्टर आधी जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. त्याने टेबलावरच्या कुत्र्यावरून नजरही न हलवता सांगितलं होतं, "एका कोंबडीसाठी कुठे धावता बाई? संध्याकाळी शिजवून टाका." घरी सिस्टरांना दुसरं कोणी नव्हतं. नवरा गेलेला, मुलगी लांब. दिवसभर पायांत घोटाळणारी ही एकटी तपकिरी कोंबडी तेवढी होती. दवाखान्याच्या फाटकावर कोणीतरी त्यांना मावशीचा पत्ता दिला. ही मावशी म्हणजे कोणती मावशी, हे सिस्टरांना तिथेच कळलं होतं. तरी त्या आल्या.

"दोन दिवस झाले, खात नाही," सिस्टर म्हणाल्या. "सर्दी झाली असेल म्हणून खोकल्याचं औषध दिलं. अर्धी गोळीपण दिली कुटून."

"ठेवा खाली."

टॉवेल सोडल्यावर कोंबडी चालली नाही. बाटली उभी करून ठेवावी तशी शेपूट खाली टाकून ताठ उभी राहिली. डोळे अर्धे मिटलेले. तुरा फिकट पडलेला. दर थोड्या वेळाने तिची शेपटी खालीवर हलायची, अंग आक्रसायचं, आणि ती पुन्हा तशीच उभी. मावशीने तिची चोच उघडून आत बघितलं, नाकपुड्या बघितल्या, छातीला कान लावला. गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली तर ती रिकामी आणि मऊ होती. मग हात पोटाखाली, मागच्या बाजूला नेला आणि बोटांनी हलकेच दाबून बघितलं. आत लिंबाएवढं काहीतरी टणक लागलं.

"अंडी कधीपासून बंद आहेत?"

"परवापासून. त्याआधी रोज घालायची."

"सर्दी म्हणे! नाक कोरडं ठणठणीत आहे." मावशीने हात पुसले. "अडलीय ती. अंडं आत अडकलंय."

सिस्टरांचा चेहरा उतरला. अडणं म्हणजे काय ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ते टणक बोटाला लागलं त्या क्षणी मावशीच्या मनात जे आलं होतं ते चांगलं नव्हतं, आणि पुढे सुनेला सांगताना तिने ते लपवलंही नाही. एवढं म्हणायचं होतं, की तुमचंच बरोबर सिस्टर, सर्दीच आहे, तेच औषध चालू ठेवा. उद्या सकाळपर्यंत कोंबडी गार झाली असती. कोणाला पत्ता लागला नसता. पण मेलेल्या कोंबडीचं दुःख ते किती दिवस पुरणार? चार दिवस, फार तर आठ. मावशीला आठ दिवसांवर भागवायचं नव्हतं.

कारण तिची स्वतःची तेरा वर्षं गेली होती.

एकोणीस वर्षांपूर्वी एका थंडीच्या दुपारी वॉर्डात चोवीस वर्षांचा एक मुलगा होता. सायकलवरून पडून मनगट मोडलेलं, डाव्या हाताला प्लास्टर. चादर बदलायला गेलेल्या मावशीला त्याची प्लास्टरबाहेरची बोटं दिसली. निळसर, सुजलेली, फरशीला हात लावावा तशी गार. "मावशी, फार ठणकतंय हो," तो म्हणाला. ती तडक सिस्टरांच्या टेबलाशी गेली. सिस्टर दोन नर्सबरोबर चहा पीत होत्या. "थंडीच आहे ती. माझीपण बोटं गारच आहेत," त्या म्हणाल्या. "तू आपली भांडी उचल." चार वाजता मावशी पुन्हा गेली. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तुला डॉक्टर कोणी केलं गं?" आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या हसल्या.

सहा वाजता डॉक्टर राउंडला आले, प्लास्टर कापलं, धावाधाव झाली. दोन बोटं वाचली नाहीत.

चौकशीत सिस्टरांनी लिहून दिलं, की वॉर्डबाईने काही कळवलं नाही आणि दुपारी ती जागेवर नव्हती. चहा पिणाऱ्या दोघींनी खाली सह्या ठोकल्या. मुलाच्या आईने मावशीला जिन्यात गाठून तळतळाट दिले. मुलगा तर येईल त्याला सांगत होता, "सांगितलंय म्हणून थाप मारली आणि जाऊन झोपली." मावशीला वॉर्डातून उचलून तळघरातल्या लाँड्रीत टाकलं. निवृत्त होईपर्यंत तेरा वर्षं तिथेच वाफ, सोडा आणि डाग. नखं उकलली, बोटांच्या पेरांची सालं गेली. ओल्या चादरी पिळताना ती रोज सिस्टरांची मान पिळायची. सिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याची बातमी आली तेव्हा ती आठवडाभर इतकी खुशीत होती, की सून म्हणाली, "आई, लॉटरी लागली का काय तुम्हाला?"

आणि आता तीच बाई दारात हात जोडल्यासारखी उभी.

"बसा," मावशी म्हणाली आणि अंगणातल्या एकुलत्या एका खुर्चीत स्वतःच बसली. सिस्टर उभ्याच राहिल्या. "आत सूनबाई आहे. तिच्याकडून टब घे आणि गरम पाणी. कोमट हवं. कोपर बुडवून बघ, पोळलं नाही पाहिजे. मूठभर मीठ टाक."

'घे' आणि 'बघ' ऐकून सिस्टरांनी एकदा मान वर केली. मावशीने नजर हलवली नाही. सिस्टर आत गेल्या.

सून शिवणाच्या मशीनवरून उठून दारात आली तर सासू खुर्चीत पाय पसरून बसलेली आणि एक म्हातारी बाई टब उचलून आणतेय. "अहो आई, मी आणते ना!" ती धावली.

"तू तुझं शिवण बघ," मावशी म्हणाली. "त्यांचा पेशंट आहे, त्या करतील."

कोंबडीला पोटापर्यंत पाण्यात बसवायचं आणि वीस मिनिटं धरून ठेवायचं होतं. सिस्टर फरशीवर गुडघे टेकून बसल्या. ऑपरेशन झालेला गुडघा टेकताना त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं. मावशीला ते ऐकू आलं आणि गोड लागलं. कोंबडी आधी फडफडली, सिस्टरांचा चष्मा पाण्यात पडला. मग ऊब लागली तशी ती शांत झाली आणि पाण्यातच घाण करून बसली.

"पाणी बदल," मावशी म्हणाली.

सिस्टरांनी टब मोरीत नेऊन ओतला, घासला, नवं पाणी आणलं.

"कोपऱ्यात राहिलंय बघ. पेशंटला घाणीत बसवतात का? नीट घास. डोळे कुठे आहेत तुझे?"

हे शब्द सिस्टरांचेच होते, त्याच क्रमाने, त्याच सुरात. सिस्टरांनी ते ओळखले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण टब पुन्हा घासला गेला.

मग कोंबडीला कोरडं पुसून, कपड्याच्या घड्या घातलेल्या खोक्यात, अंधारात ठेवलं. कॅल्शियमची गोळी कुटून पाण्यात मिसळली आणि चोचीच्या कडेने थेंब थेंब दिली. तासाभराने पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी सिस्टर अधीर झाल्या आणि पोटावर जोर देऊ लागल्या, तेव्हा मात्र मावशी खुर्चीतून ताडकन उठली आणि तिने त्यांचं मनगट धरलं.

"दाबू नको! आत फुटलं तर संपलं सगळं."

अडीच वाजले तरी अंडं हललं नव्हतं. कोंबडीची मान आता कलायला लागली होती. चोच उघडी टाकून ती श्वास घेत होती.

"वाचेल ना?" सिस्टरांनी विचारलं.

"आता तेलाचा हात घालून वाट मोकळी करून द्यावी लागेल. ते तुम्हाला जमायचं नाही. मला जमतं."

"मग करा ना मावशी!"

मावशी जागची हलली नाही. "चौकातला किल्लीवाला माहीत आहे? डाव्या हाताला तीन बोटं आहेत त्याला."

सिस्टरांनी खोक्यातली घडी सारखी केली. "माहीत आहे. मी त्या रस्त्याने जात नाही."

"मीपण जात नाही. माझ्या घराची किल्ली हरवली तर मी दोन बस बदलून दुसरीकडे जाते. का? तर तो मला बघून थुंकतो. तुम्हाला बघून थुंकत नाही. तुम्ही त्याला काय वाटता? सगळं सावरणाऱ्या मोठ्या सिस्टर."

"मी तुमची माफी मागते," सिस्टर म्हणाल्या. "मनापासून मागते."

"मला काय करायचीय माफी? तिचं काय लोणचं घालू? त्याच्या दुकानात जायचं, आज, आणि काय झालं ते त्याला सांगायचं. माझ्यासमोर. कोंबडी तोवर इथे राहील."

"आधी हिचं होऊ द्या."

"आधी शब्द."

खोक्यात कोंबडीने एक बारीक, कण्हल्यासारखा आवाज काढला. दारात सून उभी होती. "आई, अहो, काय लावलंय हे? मुकं जनावर आहे ते!" ती कळवळून म्हणाली. मावशीने तिच्याकडेही बघितलं नाही. ती सिस्टरांकडे बघत होती, आणि खरं सांगायचं तर तिचेही हात तेलाच्या वाटीकडे ओढ घेत होते. आणखी दोन मिनिटं सिस्टर गप्प राहिल्या असत्या तर मावशी काय करणार होती, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"येते," सिस्टर म्हणाल्या. "शब्द दिला."

पुढचं काम मावशीने एकटीने केलं. कोंबडीला पुन्हा पाण्यात बसवलं, मग मांडीवर घेतलं, बोटाला गोडेतेल लावून आत अंड्याच्या कडेकडेने फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. तोंडाने नकळत "हो गं बाई, हो गं, झालंच" चाललं होतं. वॉर्डात ती सगळ्यांनाच असं म्हणायची. चारच्या पुढे कोंबडीने सगळं अंग गोळा केलं आणि एक खरबरीत, रक्ताची रेघ लागलेलं, वेडंवाकडं अंडं मावशीच्या तळहातावर टाकलं. सिस्टर तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

"रडणं नंतर," मावशी म्हणाली. "चला."

चौकापर्यंत दोघी एकमेकींपासून चार हात अंतर ठेवून चालल्या. किल्लीवाल्याचं दुकान म्हणजे दोन पायऱ्यांवरची एक खोपटी, समोर किल्ल्यांच्या माळा, आत घासायचं मशीन. तो किल्लीचा कोरा पत्रा अंगठा आणि दोन बोटांत घट्ट धरून मशीनवर चढवत होता. केस कानाशी पांढरे झाले होते. मावशीला बघताच त्याने मान फिरवली.

सिस्टर पहिल्या पायरीवर चढल्या. आवाज मात्र राउंडला डॉक्टरला पेशंटची माहिती द्यायच्या तसा सरळ होता.

"त्या दिवशी तुझी बोटं निळी पडलीत हे या मावशींनी मला दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा मी चहा पीत होते, म्हणून उठले नाही. दुसऱ्यांदा उठले असते तर पहिल्यांदा का नाही उठले ते सांगावं लागलं असतं. नंतर मी खोटं लिहून दिलं. या झोपलेल्या नव्हत्या. चूक माझी होती."

किल्लीवाल्याने मशीन बंद केलं. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला त्याने तयार किल्ली दिली, कुलपात फिरवून दाखवली, आणि तो गेल्यावर सिस्टरांना म्हणाला, "ऐकलं. जा आता."

बस्स, एवढंच. ना शिवी, ना आरडाओरडा. मावशीने या क्षणाची किती तऱ्हांनी कल्पना केली होती! तो सिस्टरांवर धावून जाईल, चौकातले लोक जमतील, सिस्टरांची छीथू होईल. सिस्टर पायऱ्या उतरून निघून गेल्या, आणि रस्त्यावरच्या कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग तो मावशीकडे वळला.

"दोनदा सांगितलंत?"

"दोनदा. देवाशपथ."

"डॉक्टरांची खोली समोरच होती. दार उघडं होतं. मला पलंगावरून दिसत होतं." तो सावकाश बोलत होता. "मी तुम्हाला पुन्हा हाक मारली, तर तुम्ही म्हणालात, सिस्टरांना सांगितलंय, बघतील त्या. मी गप्प राहिलो. मला वाटलं, सांगितलंय म्हणजे येतील. तिसऱ्यांदा डॉक्टरांकडे का नाही गेलात?"

सिस्टरांना सुनावायची एकूण एक वाक्यं तिच्याकडे तयार होती, एकोणीस वर्षं घासूनपुसून ठेवलेली. या प्रश्नाला एकही नव्हतं. त्याने मशीन सुरू केलं.

घरी आली तेव्हा सिस्टर अंगणात खोक्याशी बसल्या होत्या आणि सून त्यांना चहा देत होती. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उचला कोंबडी आणि चालायला लागा. चार दिवस अंधारात, उबेत ठेवायची. शिंपल्याचा चुरा रोज द्यायचा, नाहीतर पुन्हा अडेल. आणि तेव्हा इथे येऊ नका."

"मी शब्द पाळला, मावशी."

"पाळलात. म्हणून जिवंत कोंबडी नेताय."

आठवड्याने सिस्टरांनी मोलकरणीबरोबर एक अंडं पाठवलं. चांगलं, गुळगुळीत, तपकिरी. ते बरं झाल्यावरचं पहिलं अंडं होतं आणि चिठ्ठीत तसं लिहिलं होतं. मावशीने ते कुंपणावरच्या मांजरापुढे फोडलं आणि मांजराने शेवटचा थेंब चाटून संपवेपर्यंत तिथेच उभी राहिली. सून म्हणाली, "आई, हद्द झाली तुमची!" मावशी म्हणाली, "अजून व्हायचीय."

पण रात्रीचं जेवण तिला जात नव्हतं. सिस्टरांना शिव्या घालायला बसलं, की मध्येच ते डॉक्टरांच्या खोलीचं उघडं दार दिसायचं. ती तिथून दोनदा गेली होती, हातात भांडं घेऊन. आत डॉक्टर काहीतरी लिहीत बसले होते. तिने वाकून बघितलं होतं, आणि पुढे गेली होती.

दहाव्या दिवशी दुपारी तिने साडी बदलली आणि एकटीच चौकात गेली. किल्लीवाला माळेत नवे पत्रे ओवत होता. त्याने मान फिरवली नाही.

"घाबरले," मावशी पहिल्या पायरीवरून म्हणाली. "सिस्टरांना डावलून डॉक्टरकडे गेले तर नोकरी जाईल असं वाटलं. पोरगा शाळेत होता माझा. तुझी बोटं दिसत होती मला, कळत होतं मला काय होतंय ते. तरी घाबरले."

तो ओवत राहिला. दोन पत्रे ओवले, तिसरा हातातून निसटून पायरीवर पडला. मावशीने वाकून तो उचलला आणि त्याच्या पुढे धरला. त्याने तो तिच्या हातातून घेतला.

"त्या बाईला माफ केलंत?" त्याने विचारलं.

"नाही."

"मीपण नाही," तो म्हणाला. "तुमचं बघतो."

आणि दुकानात एकच स्टूल होतं, त्यावर किल्ल्यांचा डबा ठेवलेला होता, तो त्याने उचलून खाली ठेवला.